अलेक्सिसचं जठर

१ ऑगस्ट १८२५. दुपारी बारा वाजता विल्यम ब्यूमाँट या अमेरिकी लष्करातल्या डॉक्टरने एक रेशमी दोरा घेतला आणि त्याला थोड्या थोड्या अंतरावर सहा जिन्नस बांधले: मसाला घालून शिजवलेलं गोमांस, डुकराच्या खारवलेल्या कच्च्या चरबीचा तुकडा, खारवलेलं कच्चं गोमांस, तेच उकडलेलं, शिळा पाव आणि चिरलेला कच्चा कोबी. प्रत्येक जिन्नस जेमतेम आठ ग्रॅमचा. मग हा दोरा त्याने आपल्याच घरात राहणाऱ्या एका तरुणाच्या डाव्या कुशीला, छातीच्या जरा खाली असलेल्या भोकातून थेट जठरात सोडला. तरुण नेहमीसारखा घरकामाला लागला.

एक वाजता दोरा बाहेर ओढून पाहिला. कोबी आणि पाव निम्मे विरघळलेले, मांस होतं तसंच. दोरा पुन्हा आत. दोन वाजता पाहिलं तर कोबी, पाव, चरबी आणि उकडलेलं मांस दोऱ्यावरून साफ नाहीसं झालं होतं. मसाल्याचं आणि कच्चं मांस मात्र टिकून होतं. ते परत आत गेलं. पुढच्या खेपेला जठरातल्या रसाला खवट वास येऊ लागला होता आणि छातीत दुखतंय म्हणून तरुण सांगत होता. तरीही दोरा पुन्हा आत गेलाच. शेवटी त्याचं डोकं दुखायला लागलं, पोटात त्रास वाढला, अंगातलं त्राण गेलं, तेव्हा कुठे डॉक्टरने प्रयोग थांबवला. दुसऱ्या दिवशीही बरं वाटेना. ब्यूमाँटने भोकातून आत पाहिलं, तर जठराच्या अस्तरावर पांढरे ठिपके उठले होते. त्याने पाऱ्यापासून केलेल्या कॅलोमेलच्या सहा गोळ्या त्याच भोकातून आत टाकल्या. तीनेक तासांत जुलाब होऊन पोट साफ झालं.

या तरुणाचं नाव अलेक्सिस सेंट मार्टिन. पचनाच्या अभ्यासाचा इतिहास सांगताना त्याचं नाव बहुधा ब्यूमाँटच्या मागून येतं, तेही ‘रुग्ण’ म्हणून. मला हे खटकतं.

घास गिळल्यावर त्याचं पुढे काय होतं, यावर युरोपातले विद्वान पिढ्यान्‌पिढ्या भांडत होते. एकाचं म्हणणं, जठर अन्न भरडतं. दुसऱ्याचं, ते आत आंबतं. तिसऱ्याचं, अंगातल्या उष्णतेने ते शिजतं. आपल्या जठराग्नीच्या कल्पनेच्या जवळ जाणारं हे मत. १७५२ मध्ये फ्रान्समधल्या रेओम्यूरने एका घारीला या भांडणात साक्षीदार केलं. न पचणारी वस्तू घार ओकून टाकते, हे त्याला माहीत होतं. त्याने दोन्ही टोकांना जाळी बसवलेल्या धातूच्या नळीत मांस भरलं आणि ती नळी घारीला गिळायला लावली. नळीमुळे मांस भरडलं जाणं शक्यच नव्हतं. तरी घारीने नळी ओकली तेव्हा आतलं मांस अर्धवट विरघळलेलं निघालं. म्हणजे जठरात विरघळवणारा कुठला तरी रस असणार. इटलीतल्या स्पालान्झानीने हेच प्रयोग कितीतरी प्राण्यांवर केले आणि पुढे स्वतःवरही. तागाच्या कापडाच्या पुरचुंड्यांत पाव आणि मांस भरून तो त्या गिळायचा. जठररस मिळवण्यासाठी उपाशीपोटी मुद्दाम ओकारी काढायचा. रसात मांस घातलेल्या नळ्या उबेसाठी बगलेत धरून वावरायचा. पण या रसात आम्ल असतं हे काही त्याने मानलं नाही. १८२४ मध्ये लंडनच्या विल्यम प्राउटने प्राण्यांच्या जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल असल्याचं दाखवलं, तरी शंका घेणारे पुष्कळ होते. मेलेलं जनावर, ओकलेला रस, गिळलेली नळी, एवढीच काय ती सामग्री. खात्यापित्या, काम करणाऱ्या माणसाच्या जठरात डोकावायला वाट नव्हती.

ती वाट ६ जून १८२२ रोजी मॅकिनॅक बेटावर एका अपघाताने उघडली. ह्यूरन आणि मिशिगन या दोन महासरोवरांच्या सांध्यावरचं हे बेट म्हणजे केसाळ कातड्यांच्या व्यापाराचं मोठं ठाणं. हिवाळाभर रानात काढलेले शिकारी आणि होडीवाले उन्हाळा लागला की बीव्हरची आणि इतर जनावरांची कातडी घेऊन इथे जमायचे. व्यापार अमेरिकन फर कंपनीच्या हातात होता आणि होड्या वल्हवणारे बहुतेक कॅनडातले फ्रेंचभाषक मजूर. क्यूबेकमधल्या बेर्त्ये गावचा, विशीच्या आसपासचा अलेक्सिस त्यांच्यातलाच एक. लिहिता-वाचता न येणारा, काटक.

कंपनीच्या दुकानात गर्दी होती. कुणाच्या तरी हातातल्या छऱ्यांच्या बंदुकीचा बार अचानक उडाला. अलेक्सिस जेमतेम हातभर अंतरावर उभा होता. छरे, दारू, कपड्याच्या चिंध्या, सगळं त्याच्या डाव्या कुशीत घुसलं आणि अंगावरच्या कपड्यांनी पेट घेतला. अर्ध्या तासाच्या आत किल्ल्यावरून ब्यूमाँट आला. बरगड्या फुटल्या होत्या. भाजलेल्या, फाटलेल्या फुप्फुसाचा अंड्याएवढा भाग बाहेर आला होता आणि त्याच्या खाली जठराला पडलेल्या भोकातून सकाळचा नाश्ता बाहेर येत होता. बरगडीच्या टोकदार तुकड्यात अडकलेलं फुप्फुस आत ढकलता येईना, म्हणून ब्यूमाँटने ते टोक चाकूने कापलं. हा माणूस वाचेल असं त्याला वाटलं नव्हतं.

अलेक्सिस वाचला. पहिले सतरा दिवस पोटात गेलेलं सगळं जखमेतून बाहेर यायचं, म्हणून त्याला गुदमार्गाने पोषक द्रव देऊन जगवावं लागलं. नंतर पट्ट्या आवळून बांधल्यावर अन्न आत टिकू लागलं. महिनोन्‌महिने जखमेतून हाडांचे आणि कूर्चांचे तुकडे गळून पडत होते. ब्यूमाँटने ही सगळी शुश्रूषा मनापासून केली, यात शंका नाही. कुठल्याही विद्यापीठाची पदवी नसलेला, व्हर्माँटमधल्या एका डॉक्टरच्या हाताखाली उमेदवारी करून शिकलेला आणि १८१२ च्या युद्धात जखमींवर उपचार करता करता तयार झालेला हा माणूस. त्या काळात अशी जखम भरून काढणं ही लहान गोष्ट नव्हती.

पण भोक काही बुजलं नाही. जठराची कड बरगड्यांमधल्या जखमेच्या कडेला चिकटली आणि तिथे कायमची खिडकी राहिली. कडा खरवडून टाके घालू, असं आपण सुचवलं होतं पण अलेक्सिसने नकार दिला, असं ब्यूमाँटने लिहून ठेवलं आहे. पुढे आतल्या अस्तराचीच एक घडी भोकावर झडपेसारखी येऊन बसली. ती बोटाने आत लोटली की जठर उघडं. १८२३ च्या वसंतात स्थानिक अधिकाऱ्यांनी या निराधार माणसाचा खर्च सोसायला नकार दिला आणि त्याला होडीत घालून शेकडो मैल लांब कॅनडाला परत पाठवायचं ठरवलं. त्या अवस्थेत तो प्रवासातच मेला असता. ब्यूमाँटने त्याला आपल्या घरी आणलं, बायकामुलांत ठेवलं आणि बरा झाल्यावर लाकडं फोडण्यापासून सगळी कामं दिली. दया आणि संशोधकाची हाव या दोन गोष्टी इथे एकमेकींत इतक्या गुंतल्या आहेत की त्या सोडवायचा प्रयत्न करू नये. मालक, डॉक्टर आणि प्रयोग करणारा हे तिघं एकाच माणसात असले की नोकराला नाही म्हणायला जागा उरत नाही, एवढं मात्र दिसतं.

दोऱ्याच्या प्रयोगानंतर आठवडाभरातच ब्यूमाँटने जो प्रयोग केला तो मला या साऱ्या कथेचा कणा वाटतो. ७ ऑगस्टला त्याने अलेक्सिसला सतरा तास उपाशी ठेवलं. भोकातून तापमापी आत घातला. पारा १०० अंश फॅरनहाइटवर स्थिरावला. मग रबरी नळीने सुमारे तीस मिलिलिटर जठररस बाहेर काढून तो एका बाटलीत घेतला, त्यात उकडलेल्या गोमांसाचा बारा ग्रॅमचा तुकडा टाकला, बूच लावलं आणि ती बाटली त्याच तापमानाच्या पाण्यात ठेवली. त्याच वेळी तेवढाच दुसरा तुकडा दोऱ्याला बांधून जठरात सोडला. एकच मांस, एकच रस, एकच उष्णता. फरक एवढाच की एक तुकडा माणसाच्या आत आणि दुसरा बाहेर. चाळीस मिनिटांत बाटलीतल्या तुकड्याचा वरचा थर सुटायला लागला. तासाने दोन्ही तुकडे सारखेच झिजले होते. दोन तासांनी जठरातला तुकडा पूर्ण नाहीसा झाला. बाटलीतल्याला दहाएक तास लागले, कारण तिथे ताजा रस येत नव्हता आणि घुसळणही नव्हती. पण तोही विरघळला.

सजीव शरीराबाहेर, काचेच्या बाटलीत, पचन होतं! जीवशक्ती नावाचं काहीतरी गूढ अन्नाचं रूपांतर करतं, असं मानणाऱ्यांना याहून सरळ उत्तर देता आलं नसतं.

सप्टेंबरात ब्यूमाँटने त्याला सोबत घेऊन व्हर्माँट आणि न्यूयॉर्ककडे प्रवास केला. तिथून कॅनडाची हद्द जवळ. अलेक्सिस न सांगता निघून गेला. गावी पोचून त्याने लग्न केलं, मुलं झाली, पोटाला भोक असूनही तो पुन्हा होडीवर रुजू झाला. भोक पडलेल्या पोटाने वल्हं मारणाऱ्या या माणसाला चार वर्षांनी फर कंपनीच्या माणसांनी ब्यूमाँटसाठी शोधून काढलं आणि १८२९ मध्ये तो बायको आणि दोन मुलांना घेऊन मिसिसिपीकाठच्या फोर्ट क्रॉफर्डला आला. तिथे तो नोकर म्हणून राबत होता, आणि बोलावलं की पाठीवर पडून जठर उघडं करत होता. ऊन, पाऊस, उपवास, श्रम, राग या सगळ्यांचा जठरावर काय परिणाम होतो, हे ब्यूमाँट टिपत गेला. रसात अन्न घातलेल्या बाटल्या उबेसाठी बगलेत धरायच्या. स्पालान्झानीने स्वतःच्या बगलेत धरल्या होत्या, इथे त्या अलेक्सिसच्या बगलेत असत. १८३१ च्या वसंतात घरची ओढ लागली म्हणून अलेक्सिस कुटुंबासह उघड्या होडीतून निघाला. मिसिसिपीने खाली, ओहायो नदीने वर, मग सरोवरं ओलांडून सेंट लॉरेन्स नदीने माँट्रियलपर्यंत.

पुढच्या वर्षी तो परतला तेव्हा मात्र ब्यूमाँटने लेखी करार केला. वर्षाचे १५० डॉलर, शिवाय खाणं, कपडे, राहण्याची सोय. बदल्यात डॉक्टर नेईल तिथे जायचं, सांगेल ते काम करायचं आणि आपल्या जठरावर हवे ते प्रयोग करू द्यायचे. अलेक्सिसने सहीच्या जागी फुली मारली. पुढे सरकारी तिजोरीतून पगार मिळावा म्हणून त्याचं नाव लष्करात सार्जंट म्हणून नोंदवलं गेलं. वैद्यकीय प्रयोगाला शरीर देण्याबद्दल करार आणि मोबदला ठरल्याचं इतकं जुनं उदाहरण विरळाच.

१८३३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या प्लॅट्सबर्ग गावी ब्यूमाँटचं जठररसावरचं पुस्तक छापून झालं. पदरचे पैसे घालून काढलेल्या हजार प्रती, २३८ प्रयोग आणि ५१ निष्कर्ष. या पुस्तकाची खरी श्रीमंती त्याच्या नजरेत आहे. उपाशी जठरात रस साठून राहत नाही, अन्न आत आलं की तो अस्तरातून बारीक थेंबांनी पाझरू लागतो, हे त्याने पाहिलं. रिकाम्या जठराच्या अस्तराला त्याने स्वतःची जीभ लावून पाहिली. आंबट चव लागली नाही. अन्नाने अस्तर चाळवलं की तीच चव आंबट होते. अलेक्सिस संतापला की आतड्यातलं पिवळं पित्त उलटून जठरात यायचं. संताप कशाचा असायचा हे ओळखणं कठीण नाही. काही दिवस दारू प्यायल्यावर अस्तर लाल होऊन त्यावर चट्टे उठत, आणि गंमत अशी की अलेक्सिसला त्याचा काहीच त्रास जाणवत नसे. आतून सुजलेलं जठर बाहेरून मुकाट राहू शकतं, हे कुणी डोळ्यांनी पाहिल्याची ही पहिलीच नोंद असावी.

पुस्तकातला एक तक्ता फार गाजला: कुठलं अन्न जठरात किती वेळ राहतं. उकडलेला भात एक तास. तापवलेलं दूध दोन तास. कच्चा कोबी व्हिनेगर घालून दोन तास, तोच उकडून साडेचार तास. अर्धकच्चं उकडलेलं अंडं तीन तास, पक्कं साडेतीन. डुकराचं भाजलेलं मांस सव्वापाच तास. भाताने पोट लवकर रिकामं होतं, हा आपल्या घराघरातला अनुभव त्यात आकड्याने नोंदला गेला आहे.

याच तक्त्यात ब्यूमाँटची चूकही आहे. जठरातून गेलं म्हणजे पचलं, असं त्याने धरलं. आज आपल्याला ठाऊक आहे की भातातल्या पिष्टाचं विघटन तोंडात लाळेपासून सुरू होतं, जठराच्या आम्लात ते थबकतं आणि लहान आतड्यात स्वादुपिंडाच्या रसाने पुरं होतं. भात तासाभरात जठर सोडतो तो पचला म्हणून नव्हे, तर जठराला त्याच्यावर फारसं काम नसतं म्हणून. चरबीचंही तेच: खरं काम पुढे, यकृतातून आलेलं पित्त तिचे बारीक थेंब करतं आणि स्वादुपिंडाचा रस ते फोडतो. जठराचा खास मान आहे तो प्रथिनांवर, म्हणजे मांस, अंडी, दूध, डाळी यांच्यावर. ब्यूमाँटला एकच रस दिसत होता, म्हणून सगळं श्रेय त्याने त्याच रसाला दिलं.

त्या रसात काय आहे हे शोधण्याची धडपड त्याने केली. व्हर्जिनियातले प्राध्यापक रॉबली डंग्लिसन यांनी तपासून हायड्रोक्लोरिक आम्ल असल्याचं सांगितलं. एक बाटली समुद्रापार स्टॉकहोमला, त्या काळचा सर्वांत नावाजलेला रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियसकडे गेली. तिथून कामाचं उत्तर आलं नाही. मग ब्यूमाँटने बाजारातली आम्लं पाण्यात मिसळून नकली जठररस केला आणि त्यात मांस टाकलं. मांस मऊ पडलं, पण खऱ्या रसासारखं विरघळेना. आम्लाखेरीज आणखी काहीतरी आहे, जे रासायनिक तपासणीत सापडत नाही, असं त्याने प्रामाणिकपणे लिहिलं. तीनच वर्षांनी, १८३६ मध्ये, बर्लिनमध्ये थिओडोर श्वानने ते ‘काहीतरी’ वेगळं काढलं आणि त्याला पेप्सिन हे नाव दिलं. आम्लामुळे प्रथिनाच्या घड्या उलगडतात, पेप्सिन त्याच्या साखळ्या तोडतं. दोन्ही हजर असल्याशिवाय काम होत नाही. पुढे क्लॉड बर्नारने स्वादुपिंडाचं काम उलगडलं. ब्लाँड्लोसारख्या संशोधकांनी कुत्र्यांच्या जठराला मुद्दाम भोकं पाडून अलेक्सिसची खिडकी प्रयोगशाळेत पुन्हा उभी केली, आणि तीच रीत परिपूर्ण करून रशियात पाव्हलॉव्हने पाचकरसांवर जे काम केलं त्याला १९०४ चं नोबेल मिळालं. या सगळ्या वाटेची सुरुवात मॅकिनॅकच्या दुकानातून होते.

अलेक्सिस १८३४ मध्ये घरी गेला तो कायमचा. ब्यूमाँट तेव्हा सेंट लुईसला स्थिरावत होता आणि पुढची जवळजवळ वीस वर्षं त्याला परत बोलावत राहिला. पत्रं, मध्यस्थ, वाढता मोबदला, सगळं करून पाहिलं. अलेक्सिसचं म्हणणं एकच: येईन तर बायकामुलांना घेऊन. ब्यूमाँटला एकटा अलेक्सिस हवा होता. त्याच्या हट्टीपणावर डॉक्टरने पत्रांतून राग काढला आहे. मला त्या हट्टात एका गरीब माणसाचा साधा हिशेब दिसतो. शेतावर कर्ज, घरात लहान मुलं, आणि मागे काढलेल्या वर्षांत पोटातून रस उपसून घेतल्यावर येणारी चक्कर, पोटातली आग त्याच्या चांगली लक्षात होती. १८५३ मध्ये बर्फावरून पाय घसरून पडल्याचं निमित्त झालं आणि ब्यूमाँट गेला. अलेक्सिस त्यानंतर सत्तावीस वर्षं जगला. १८५६ मध्ये एका माणसाने त्याला गावोगाव नेऊन त्याच्या जठराचं प्रदर्शन मांडलं. पोटापाण्यासाठी त्याने तेही केलं.

२४ जून १८८० रोजी क्यूबेकमधल्या सेंट थॉमस गावी तो वारला. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात तेव्हा विल्यम ऑस्लर हा तरुण प्राध्यापक होता. शवविच्छेदन करून ते जठर वॉशिंग्टनच्या लष्करी वैद्यकीय संग्रहालयात ठेवावं, अशी त्याची इच्छा होती आणि त्यासाठी पैसे मोजायचीही तयारी होती. गावाकडून उलट तार आली: शवविच्छेदनाला येऊ नका, जिवानिशी जाल. घरच्यांनी ऐन उन्हाळ्यात प्रेत मुद्दाम दिवसेंदिवस ठेवून दिलं, इतकं की डॉक्टरांना त्याचा उपयोग होऊ नये. चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना दुर्गंधीमुळे शवपेटी बाहेर ठेवावी लागली. मग कुणी उकरू नये म्हणून आठ फूट खोल खड्डा खणून त्याला पुरलं.

१९६२ मध्ये कॅनडातल्या शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी सेंट थॉमसला त्याच्या नावाचा फलक लावला. या माणसाने आपल्या व्याधीतून मानवजातीची सेवा केली, अशा अर्थाचा मजकूर त्यावर आहे. व्याधी त्याला बंदुकीने दिली; उपाशीपोटी पाठीवर पडून राहण्याचे, दोरे गिळण्याऐवजी कुशीतून आत घेण्याचे आणि बगलेत बाटल्या सांभाळण्याचे ते सगळे तास त्याच्या मजुरीचे होते, आणि त्या फलकावर मजुरीचा शब्द हवा होता.